एकस्वांच्या वर्गीकरणात हिरड्याचे स्थान

वर्गीकरणपद्धती ही सामान्यतः समीक्षेचा विषय मानली जात नाही. ग्रंथाचे परीक्षण होते, सिद्धांताचे खंडनमंडन होते. परंतु ग्रंथ ज्या फळीवर ठेवावयाचा त्या फळीची चिकित्सा करण्याचे कारण सहसा कोणास पडत नाही. तथापि ग्रंथ सापडणे वा न सापडणे हे पुष्कळदा त्या फळीवरच अवलंबून असते. एकस्वांच्या बाबतीत, म्हणजे ज्यांस आपण व्यवहारात पेटंट म्हणतो त्यांच्या बाबतीत, जुना कागद न सापडण्याचा परिणाम असा होऊ शकतो की, एका समाजाचे पिढीजात ज्ञान दुसऱ्याच्या नावावर चढावे. म्हणून आंतरराष्ट्रीय एकस्व वर्गीकरणातील वनौषधींच्या गटाचे परीक्षण प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

परीक्षणाची कसोटी म्हणून ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील वनस्पती घेतल्या आहेत. माहुलीपासून माळशेजपर्यंतच्या या पट्ट्यात साग, ऐन, हिरडा, बेहडा, मोह, पळस, कुडा ही झाडे व गुळवेलीसारख्या वेली परिचयाच्या आहेत. या प्रदेशाची नोंदही जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला, आणि जिल्ह्यातील झाडांचा परामर्श त्यात घेतलेला आहे. याहून महत्त्वाचे असे की, येथील ठाकर, कातकरी, वारली व महादेव कोळी या समाजांचा वनौषधींशी असलेला संबंध केवळ परंपरेच्या स्मरणाचा नसून चरितार्थाचाही आहे. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून ती औषधनिर्मात्यांस पुरविण्याचा व्यवसाय अलीकडे उभारला, आणि २०२० मधील साथीनंतर गुळवेलीची मागणी वाढली तेव्हा त्याची वार्ता दूरवर पोहोचली. तेव्हा ज्या वनस्पती येथील माणसे हाताळतात, त्यांना जागतिक वर्गीकरणात कोणते स्थान मिळाले आहे, हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही.

१

प्रथम वर्गांकाची रचना पाहू. आंतरराष्ट्रीय एकस्व वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९६८ साली अमलात आली आणि १९७१ च्या स्ट्रासबुर्ग कराराने तिला आजचे आंतरराष्ट्रीय अधिष्ठान मिळाले. समस्त तंत्रज्ञान ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंतच्या आठ विभागांत वाटलेले असून, विभागाखाली वर्ग, वर्गाखाली उपवर्ग, त्याखाली गट व उपगट अशी उतरंड आहे. उदाहरणार्थ, ‘ए’ हा मानवी गरजांचा विभाग. ‘ए ६१’ हा वैद्यक व आरोग्य यांचा वर्ग. ‘ए ६१ के’ हा औषधी सिद्धतांचा उपवर्ग. आणि ‘ए ६१ के ३६’ हा वनस्पती, शेवाळ, बुरशी इत्यादींपासून केलेल्या, घटकद्रव्यांची रासायनिक रचना निश्चित न झालेल्या औषधांचा गट होय. औषध कशापासून केले हे ‘ए ६१ के’ सांगते. ते कोणत्या विकारावर आहे हे सांगण्यासाठी ‘ए ६१ पी’ हा वेगळा उपवर्ग आहे. जखमा, व्रण व भाजणे यांवरील उपचारांचा अंक तेथे १७/०२ असा आहे.

वर्गांक देण्याचे काम अर्जदाराचे नसून कार्यालयाचे असते. अर्ज दाखल झाला की त्यातील दावे, वर्णन व सारांश वाचून वर्गीकार शोधाचा गाभा ठरवितो. गाभ्यास अनुरूप असे सर्व अंक देणे त्याच्यावर बंधनकारक असते. आनुषंगिक माहितीसाठी आणखी अंक देणे त्याच्या विवेकावर सोडलेले असते. या अंकांवरून अर्ज कोणत्या परीक्षकाकडे जावयाचा ते ठरते, आणि परीक्षक पूर्वज्ञानाचा शोध घेऊ लागतो तेव्हा तो प्रथम त्याच अंकाखालील जुने कागद चाळतो. भारतात सर्वसाधारणतः १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो तेव्हा हा अंक त्याच्या शिरोभागी छापलेला असतो.

येथे दोन क्रियांमधील भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. एक क्रिया दुरुस्तीची. एकच शोध निरनिराळ्या देशांत दाखल होतो, तेथील वर्गीकार त्यास निरनिराळे अंक देतात, आणि चूक ध्यानात आली की त्या एका कागदापुरता अंक बदलला जातो. दुसरी क्रिया पुनर्रचनेची. हीत सारणीच बदलते: एखादा उपगट मोडून त्याचे अनेक होतात, आणि त्याखालील सर्व जुने कागद पुन्हा वाचून नव्या जागी नेऊन ठेवावे लागतात. हे काम कार्यालयांमध्ये वाटून दिले जाते. ज्या कागदांचा निर्णय मुदतीत होत नाही ते पूर्वनियोजित जागी सरसकट हलविले जातात. दुरुस्ती वर्गीकाराचा दोष काढते. सारणीचा दोष केवळ पुनर्रचनेने निघतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा दोष आहे.

२

वनौषधींच्या बाबतीत सारणीचा दोष किती मोठा होता हे २००६ पूर्वीची स्थिती पाहता स्पष्ट होते. तोपर्यंत वनस्पतिजन्य औषधांस ‘ए ६१ के ३५/७८’ हा एकच उपगट होता. हळद, कडुनिंब, गुळवेल, युरोपातील औषधी फुले आणि चीनमधील औषधी मुळे, सर्वांचे कागद त्या एका राशीत पडत.

याच काळात हळदीचे प्रकरण घडले. हळदीच्या चूर्णाने जखम भरून आणण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास हरकत घेतली, संस्कृत, हिंदी व उर्दू साहित्यातील उताऱ्यांसह ३२ आधार सादर केले, आणि १९९७ मध्ये सर्व दावे फेटाळण्यात आले. या प्रकरणाचा दोष पुष्कळदा एकट्या वर्गीकरणावर टाकला जातो; तो न्याय्य नव्हे. त्या राशीचे कितीही सूक्ष्म भाग पाडले असते, तरी संस्कृत श्लोक त्यांपैकी एकातही सापडला नसता, कारण तो तेथे कधी ठेवलेलाच नव्हता. उणीव दुहेरी होती: ज्ञानाची नोंद परीक्षकास वाचता येईल अशा रूपात नव्हती, आणि ती तशी असती तरी तिला ठेवावयास नेमकी जागा नव्हती.

भारताने या दोन्ही उणिवांवर एकाच वेळी उपाय योजिला हे त्याच्या दूरदृष्टीचे द्योतक होय. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी शास्त्रांच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत उपलब्ध करून देण्यात आले. त्यांच्या मांडणीसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्याच धर्तीवर एक स्वतंत्र सारणी रचण्यात आली. तिचे प्रारंभी सुमारे ५ हजार उपगट होते, पुढे ते २५ हजारांच्या वर गेले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तज्ज्ञ समितीने भारत, चीन, जपान, अमेरिका व युरोपीय एकस्व कार्यालय यांचा एक कार्यगट नेमला. त्याचे फलित म्हणजे १ जानेवारी २००६ रोजी अमलात आलेली आठवी आवृत्ती. तीत ३५/७८ चे विसर्जन होऊन त्याच्या जागी ३६/०० हा गट आला, आणि एका उपगटाचे सुमारे २०० उपगट झाले. वर्गीकरणाच्या इतिहासात पूर्वेकडील वैद्यकाने सारणीवर उमटविलेली अशी दुसरी ठळक मुद्रा दाखविणे कठीण आहे.

३

आता ही नवी सारणी आपल्या कसोटीस लावून पाहू. तिची वाटणी मुख्यतः वनस्पतिकुलांनुसार आहे. गुळवेलीस गुडूची कुलाचे घर मिळाले. त्याचा अंक ३६/५९. कडुनिंबाचा निर्देश त्याच्या कुलाच्या उपगटात, ३६/५८ मध्ये, नाव घेऊन केलेला आहे. हळद तर आपल्या प्रजातीसह ३६/९०६६ येथे स्वतंत्र नांदते. बहावा आपल्या प्रजातीच्या उपगटात, ३६/४८२ मध्ये, उदाहरणादाखल नमूद आहे. पळसाला प्रजातीचे घर नाही, पण शिंबावंत कुलाच्या ३६/४८ मध्ये त्यास आश्रय आहे. येथवर सारणीबद्दल समाधान व्यक्त करण्यास प्रत्यवाय नाही.

कुडा आणि रुई यांच्याशी आलो की पहिली अडचण उद्भवते. कुडा करवीर कुलातला, म्हणून ३६/२४ मध्ये. रुई तिच्या नावाच्या कुलातली, म्हणून ३६/२७ मध्ये. वनस्पतिशास्त्राने मात्र रुई कुल करवीर कुलात समाविष्ट करून टाकले आहे. आवळ्याचेही तसेच. सारणीत त्याची जागा एरंड कुलात, ३६/४७ मध्ये. वनस्पतिशास्त्र त्यास आता निराळ्या कुलात घालते. शास्त्र पुढे जाते आणि सारणी मागे राहते, हा दोष सर्वच वर्गीकरणांत आढळतो. शोध घेणारा जाणकार असेल तर तो दोन्ही घरे तपासतो. हा दोष क्षम्य आहे.

हिरड्यापाशी येताच खरी अडचण सुरू होते. हिरडा, बेहडा, ऐन आणि अर्जुन ही चारही झाडे एकाच प्रजातीची असून त्यांचे कुल अर्जुन कुल, म्हणजे काँब्रेटेसी. २००६ च्या कुलांच्या यादीत हे कुल नाही. मोहाचे मधुक कुल, म्हणजे सॅपोटेसी, हेही नाही. ज्यांच्या कुलास घर नाही अशा द्विदल वनस्पतींचा कागद ३६/१८५ या सर्वसाधारण अंकाखाली जातो. द्विदलांच्या त्या विशाल ओसरीवर बेघर कुलांची एकच दाटी झालेली असते. याचा परिणाम त्रिफळ्यावर पाहावा. त्याच्या तीन घटकांपैकी आवळ्याला कुलाचा अंक आहे. हिरडा व बेहडा मात्र ओसरीवर. ज्या योगाचे नाव घराघरांत माहीत आहे, त्याचे दोन तृतीयांश नव्या सारणीत जवळजवळ जुन्याच राशीत राहिले.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. ऐन, हिरडा, बेहडा व मोह ही येथील रानातील दुर्मिळ झाडे नव्हेत. रानाचे रूप ज्यांनी घडते त्यांपैकी ती आहेत. म्हणजे नव्या सारणीला परसातली हळद दिसली आणि रानातला ऐन दिसला नाही.

४

असे का झाले असावे? ग्रंथालयशास्त्रात एक जुने तत्त्व आहे. विंडहॅम ह्यूम यांनी १९११ मध्ये ते मांडले. आपण त्यास ग्रंथाधाराचे तत्त्व म्हणू. त्याचा आशय असा की, वर्ग कल्पनेने पाडू नयेत. ज्या विषयावर ग्रंथ प्रत्यक्ष जमले आहेत त्या विषयाला वर्ग द्यावा. एकस्व वर्गीकरणाची पुनर्रचनाही बऱ्याच अंशी याच न्यायाने चालते. ज्या उपगटात कागद फुगतात तो फोडला जातो, जेथे कागद तुरळक तेथे नवा उपगट काढण्याचे प्रयोजन मानले जात नाही.

हे तत्त्व व्यवहारास सोयीचे आहे. परंतु वनौषधींच्या ठिकाणी त्याचा न्याय उलटा पडतो. ३६/४६ हा उपगट युकोमियासी या कुलाला दिलेला आहे. या कुलात आज हयात अशी एकच जाती असून ती चीनमधील आहे. चिनी वैद्यकात तिची साल महत्त्वाची आणि तिच्यावरील एकस्वांचे अर्जही पुष्कळ. म्हणून एका जातीच्या कुलास स्वतंत्र घर मिळाले. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु अनेक देशांत पसरलेल्या हरीतकीच्या कुलास ते मिळू नये, याचा उलगडा वनस्पतीच्या महत्त्वाने होत नाही. तो कागदांच्या संख्येनेच होऊ शकेल असे माझे अनुमान आहे. आणि ते खरे असेल तर त्यातून एक विपरीत निष्कर्ष निघतो. ज्या समाजाने आपल्या औषधावर एकस्व मागितले नाही, ते सर्वांचे मानले, त्याच्या औषधास सारणीत घर नाही. आणि घर नाही म्हणून त्या औषधावर इतर कोणी एकस्व मागितल्यास पूर्वीचा कागद शोधणे अधिक कठीण. मालकी न सांगण्याच्या वृत्तीची ही शिक्षाच म्हणावयास हवी.

यावर असा आक्षेप संभवतो की, आज संगणकावर शब्दाने शोध घेता येतो. हिरड्याचे शास्त्रीय नाव टाकले की सर्व कागद पुढे येतात. मग अंकाची मातब्बरी कशास? आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. हिरडा चिनी व तिबेटी वैद्यकातही वापरला जातो. तेथील कागदांत त्याचे नाव त्या त्या लिपीत असते. आपल्याकडे हिरडा, हरीतकी, हरड, बाळहिरडा अशी नावे भाषेप्रमाणे आणि फळाच्या अवस्थेप्रमाणे बदलतात. शब्द भाषेच्या सीमेवर अडतो. अंक ती सीमा ओलांडतो. वर्गीकरणाचे मूळ प्रयोजनच ते आहे. म्हणून अंक नसण्याची भरपाई शब्दाने पुरती होत नाही.

५

सारणीची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. वनस्पतीच्या कुलाबरोबर तिचा कोणता अवयव वापरला हे सांगण्यासाठी पूरक अंकांची सोय आहे: मुळे व कंद यांस १२५, पानांस १२७, सालीस १२९, बी व फळ यांस १३१, फुलांस १३३, आणि देठ-खोड यांस १३५. गुळवेलीचे खोड वापरतात, तेव्हा तिचे स्थान ३६/५९ व १३५ या जोडीने सांगता येते. परंतु कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. तो आधारवृक्ष सांगावयास अंक नाही. खोड कोणत्या ऋतूत तोडावे, ओले वापरावे की सुके, यांस आधारवृक्षाप्रमाणेच वैदूच्या दृष्टीने महत्त्व असते. रानातल्या ज्ञानाचा पुष्कळ भाग वनस्पतीच्या नावात नसून अशा विशेषणांत असतो, आणि एकस्वाचा दावाही नेमका अशाच विशेषणांवर उभा राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे ज्ञान ग्रंथस्थ नाही. अंकीय ग्रंथालयात आयुर्वेद-युनानी-सिद्धांच्या ग्रंथांतील लक्षावधी योग आले, कारण ते लिहिलेले होते. मराठीतही शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ सारखे छापील ग्रंथ आहेत. परंतु ठाकरवाडीतील वा कातकरीवाडीतील जाणत्या माणसाचे औषध ग्रंथात नाही. ते त्याच्या मुखात व हातात आहे. अमेरिकेच्या कायद्यात १६ मार्च २०१३ पर्यंत परदेशातील केवळ प्रत्यक्ष वापर नवीनतेस बाधक मानला जात नसे. छापील कागद लागे. हा भेद त्या तारखेपासून दूर झाला. भारतीय कायदा याबाबत अधिक उदार आहे. एकस्व अधिनियमाच्या कलम ३ नुसार पारंपरिक ज्ञान हा शोध ठरत नाही, आणि कलम २५ नुसार स्थानिक समाजातील मौखिक ज्ञानाच्या आधारेही अर्जास विरोध करता येतो. म्हणजे मुरबाडच्या वैदूचा शब्द कायद्याने ग्राह्य धरला आहे. परंतु अर्ज प्रसिद्ध झाला हे त्यास कळणार कसे, आणि त्याचा शब्द परीक्षकाच्या मेजावर पोहोचणार कसा? कायद्याने दार उघडले. दारापर्यंतचा रस्ता वर्गीकरणातून जातो, आणि मौखिक ज्ञानाला अंक नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी व्हावयाच्या लोक जैवविविधता नोंदवह्या हा या रस्त्याचा प्रारंभ होऊ शकतो. परंतु येथे सावधगिरी हवी. नोंद केली नाही तर परीक्षकास ज्ञान सापडत नाही. ती खुली केली तर ते सर्वांच्या हाती जाते. खुल्या नोंदीने दुसऱ्याचे एकस्व रोखता येते, पण त्या ज्ञानाचा व्यापारी उपयोग थांबत नाही. अंकीय ग्रंथालय प्रथम केवळ एकस्व कार्यालयांस करारान्वये उपलब्ध होते. २०२२ मध्ये केंद्र शासनाने ते इतरांसही टप्प्याटप्प्याने खुले करण्यास मान्यता दिली. ग्रंथस्थ ज्ञानाबाबत हे क्षम्य ठरेल. ज्या ज्ञानावर एखाद्या वाडीचा चरितार्थ आहे त्याबाबत निर्णय त्या वाडीच्या ग्रामसभेचाच असावयास हवा.

६

एकंदरीत २००६ ची पुनर्रचना स्वागतार्ह होती. परंतु ती पूर्ण झाली असे मानणे चुकीचे ठरेल. वर्गीकरणाची नवी आवृत्ती आता प्रतिवर्षी १ जानेवारीस अमलात येते. म्हणजे सुधारणेस अवसर आहे. या परीक्षणातून तीन अपेक्षा निष्पन्न होतात. अर्जुन कुल व मधुक कुल यांस स्वतंत्र उपगट मिळावेत, आणि पहिल्यात हिरड्याच्या प्रजातीचा नावानिशी निर्देश व्हावा. तशी सूचना समितीपुढे नेण्याची वाट २००१ च्या कार्यगटाने दाखविलेलीच आहे. दुसरे, ग्रंथाधार मोजताना केवळ एकस्वांचे कागद न मोजता अंकीय ग्रंथालयातील योगही मोजावेत. तसे झाल्यास हरीतकीच्या आधाराची उणीव भासणार नाही. तिसरी अपेक्षा आपल्याच विद्यापीठीय विभागांकडून आहे. स्थानिक नोंदवहीत वनस्पतीचे लोकनाम, शास्त्रीय नाव, कुल, अवयव व उपयोग ही पाच सदरे नेमकेपणाने भरली, तर ती नोंद कोणत्याही भाषेतील परीक्षकास अंकाच्या द्वारे शोधता येईल. ऋतू, आधारवृक्ष व कृती यांचा तपशील समाजाच्या संमतीखेरीज बंदच ठेवता येईल. हे काम करण्यासाठी वनस्पतिशास्त्र, बोलीभाषा व ग्रंथालयशास्त्र या तिन्हींचे जाणकार एकत्र यावे लागतील. ते आले नाहीत तर पुढील पुनर्रचनाही, मागील पुनर्रचनेप्रमाणेच, ज्यांचे कागद आधीपासून आहेत त्यांच्याच सोयीने होईल.